पुढचा आकडा कोणाचा?

डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला जाणाऱ्या माणसाला गर्दीची सवय होते, घामाची होते, मेगाब्लॉकची होते, शेजाऱ्याच्या पिशवीतल्या सुक्या बोंबलांचीसुद्धा होते. ज्ञानाची काही होत नाही. सकाळी सव्वाआठला नुसत्या चहावर घराबाहेर पडलेला माणूस, एक पाय गाडीत आणि एक शेजाऱ्याच्या बुटावर, अशा अवस्थेत असताना समोरून हाक येते, "सत्तावन्न! तुमची पाळी. बोला!" अशा वेळी माणसाने काय बोलावं? सत्तावन्नबद्दल कोणाला काय ठाऊक असतं?

आमच्या ग्रुपमध्ये पूर्वी मेंढीकोट चालायचा. चौघांच्या मांड्यांवर एक ब्रीफकेस आडवी टाकली की दादरपर्यंत जगाशी संबंध नाही. मग ब्रीफकेसी गेल्या आणि पाठीवरच्या सॅक आल्या. सॅकवर पत्ते राहीनात. गुलाम घसरून दरवाज्यापर्यंत जायचा आणि कोणाच्या तरी चपलेखालून काढून आणावा लागायचा. त्या पोकळीत मास्तरांनी हा खेळ आणला. मास्तर दादरच्या एका शाळेत गणित शिकवतात आणि शाळा भरायच्या आत सराव म्हणून आम्हाला शिकवतात.

खेळ सांगायला सोपा आहे. एकापासून सुरुवात करायची. ज्याची पाळी त्याने त्या आकड्याबद्दल एक खरी गोष्ट सांगायची. पुढच्याने पुढचा आकडा घ्यायचा. मोबाइल दादर येईपर्यंत खिशात. म्हणी, गाणी आणि घरचे पत्ते चालणार नाहीत. जो अडला त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. वरवर पाहता मैत्रीचा, ज्ञानवर्धक वगैरे मामला. पण मैत्रीत एकमेकांची अशी उलटतपासणी मी तरी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

मास्तरांनी एक घेतला. एक ही मूळ संख्या नाही आणि संयुक्तही नाही. अण्णा बँकेत कॅशियर आहेत, त्यांनी दोन घेतला. सगळ्या सम संख्यांत मूळ असलेली ही एकटीच. माझ्याकडे तीन आला. मी साडेतीन शक्तिपीठं म्हणालो. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि अर्धं वणीचं. त्यावर ही माहिती तीनला लावायची की चारला, यावर वाद सुरू झाला आणि त्यात दिवा, मुंब्रा, कळवा निघून गेलं. शेवटी अर्धं पीठ चारच्या खात्यात उधार ठेवलं.

चार विमावाल्या काकांकडे होता. काका गाड्यांच्या विम्याचं काम करतात. अपघात झालेल्या गाडीभोवती फिरून 'बंपर जुनाच गेलेला होता' असं लिहिण्यात त्यांची हयात गेली आहे. ते शांतपणे म्हणाले, "चार म्हणजे ठाणे." आम्हाला कळेना. "एमएच झिरो फोर. ठाण्याचा आरटीओ." वा, वा, झालं. डोक्यात नवं काहीतरी पडल्याचा आनंद सगळ्यांना झाला. पुढच्या फेरीत दहा आला, तर काका म्हणाले सांगली. सोळा, पूर्वीचं अहमदनगर. तेव्हा कुठे लक्षात आलं की या माणसाकडे पन्नासपर्यंतचा, कराडपर्यंतचा, पक्का बंदोबस्त आहे. आम्ही रात्र रात्र डोकं खाजवणार आणि हे खिडकीबाहेर बघत नंबरप्लेटा वाचणार.

लॅबवाल्याने लगेच धडा घेतला. हा अंबरनाथच्या एका कारखान्यात रसायनं तपासायचा, आता परळला असतो. अकरा आला तर तो म्हणाला सोडियम. सतरा, क्लोरीन. एकोणतीस, तांबं. आवर्तसारणीत सगळी मिळून ११८ मूलद्रव्यं आहेत, म्हणजे याची सोय काकांच्या दुपटीहून जास्त. सोडियम आणि क्लोरीन त्याच्या वाट्याला लागोपाठच्या पाळ्यांना आले तेव्हा त्याने "म्हणजे मीठ" असं वर म्हणून दाखवलं. माझ्या जखमेवर तेच.

बाराला काकांनी पाळी नसताना तोंड घातलं. अण्णा म्हणाले होते की बारा ज्योतिर्लिंगांपैकी तीन महाराष्ट्रात आहेत, त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर आणि घृष्णेश्वर. काका मूळचे औंढा नागनाथच्या बाजूचे. ते उभेच राहिले. लोकलमध्ये मिळालेली खिडकी सोडून माणूस उभा राहतो म्हणजे प्रकरण साधं नसतं. "आणि आमचं औंढ्याचं? परळीचं?" अण्णा म्हणाले, परळीऐवजी देवघर आणि औंढ्याऐवजी द्वारकेजवळचं नागेश्वर मानणारेही आहेत. काका म्हणाले, "मानू द्या. त्यांना काय ठाऊक." घाटकोपरपर्यंत अण्णांनी तीनाचे पाच केले आणि काका बसले.

सातची गंमत मात्र सांगायलाच हवी. मुंबई सात बेटांची, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. नावं घ्या म्हटलं की सहावर गाडी थांबते. मुंबई, कुलाबा, माझगाव, परळ, वरळी, माहीम... आणि? आमच्या डब्यात जन्मापासून मुंबईत राहिलेली माणसं उभी होती. सातवं कोणालाही येईना. दरवाज्याला लटकलेल्या, आमच्याशी काही देणंघेणं नसलेल्या एका माणसाने मान आत घालून सांगितलं, "धाकटा कुलाबा." आणि तो कुर्ल्याला उतरून गेला.

आमच्यात बारक्या म्हणून एक पोरगा आहे. कानात ते बोंडुक घालून चौथ्या सीटवर अर्धा बसतो. चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकावर बसलेला चौथा. त्याचं निम्मं शरीर बाकावर असतं आणि निम्मं जगाच्या भरवशावर. तो बोलत नाही, त्यामुळे आम्ही त्याला लिंबूटिंबू धरून होतो. एकदा सीट बदलण्याच्या गोंधळात सव्वीस त्याच्याकडे गेला. त्याने एका कानातलं बोंडुक काढलं आणि म्हणाला, "पंचवीस हा पाचाचा वर्ग, सत्तावीस हा तीनाचा घन. वर्ग आणि घन यांच्या मधोमध सापडलेला आकडा सगळ्या संख्यांत हा एकच." आणि बोंडुक परत घातलं.

कोणी काही बोललं नाही. मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला हे चौथ्या सीटवरून ऐकावं लागलं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "हे कोणी सांगितलं?" बारक्या म्हणाला, "फर्मा. सतराव्या शतकातला फ्रेंच वकील."

"वकिलाला एवढा वेळ?" अण्णांनी विचारलं.

"तारखा पडत असतील," काका म्हणाले.

छत्तीसला उलटाच प्रकार. इतर आकड्यांना माणूस मिळत नाही, छत्तीसला पाळी कोणाची याला किंमतच उरली नाही. अण्णांना ७ जून १९७५ आठवला. लॉर्ड्सवर पहिला विश्वचषक, साठ षटकांचा सामना, इंग्लंडच्या ४ बाद ३३४, आणि त्याला उत्तर म्हणून गावसकर १७४ चेंडूंत नाबाद ३६. अण्णांनी ते रेडिओवर ऐकलेलं आहे आणि अजून त्यांना ते समजलेलं नाही. बारक्या म्हणाला, २०२० च्या डिसेंबरात ॲडलेडला आपला अख्खा संघ ३६ वर आटोपला. अण्णा म्हणाले, "म्हणजे एकट्या सुनीलएवढेच." या वाक्यात अभिमान होता की दुःख, ते कळलं नाही. मास्तर म्हणाले, महाराष्ट्रात जिल्हे ३६, छत्तिसावा पालघर, २०१४ साली झालेला. तोवर शेजारच्या बाकावरून कोणीतरी बायकोचा विषय काढला. म्हणी चालत नाहीत म्हणून मास्तरांनी तो फेटाळला.

छत्तीसच्या मेजवानीनंतर दुष्काळ. सदतीस कसाबसा गेला, तीनाने गुणलं की १११, सहाने गुणलं की २२२ वगैरे. अडतीसला सगळं ठप्प. तोपर्यंत मास्तरांनी आरटीओ आणि मूलद्रव्यं या दोन्हींवर बंदी घातली होती. पाळी माझी होती. गाडी ठाणे सोडून निघाली होती आणि माझ्या डोक्यात अडतीस या आकड्याभोवती स्वच्छ, झाडलेलं अंगण होतं. बारक्या म्हणाला, ज्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही असा सगळ्यात लहान आकडा हा असेल, तर हीच त्याच्याबद्दल सांगण्यासारखी गोष्ट झाली. मास्तर म्हणाले, हा तर्क फार जुना आहे आणि तो इथे चालणार नाही, कारण मग एकोणचाळीसलाही हेच म्हणाल.

इतक्यात काकांनी घसा साफ केला. बंदी ठाऊक असूनही ते म्हणाले, "हिंगोली." आणि मग आवाज जरा खाली आणून, "एमएच अडतीस. १ मे १९९९ ला परभणीतून निघाला जिल्हा." त्यांच्या गावाचा आकडा होता तो. कोणी हरकत घेतली नाही. बंदी एका पाळीपुरती उठवली आणि चहा माझ्याऐवजी कोणालाच लागला नाही. या माणसाबद्दल मी मघाशी जे वाकडं लिहिलं, त्यातलं निम्मं मागे घ्यायला हरकत नाही.

हा खेळ लोकलमध्येच राहिला असता तरी चाललं असतं. तो घरी आला. किराणाचं बिल १,८१८ रुपये झालं तेव्हा मी दुकानातच म्हणालो, "पेशवाई बुडाली." बायको म्हणाली, "पेशवाई नाही, महिन्याचं बजेट. आणि तुम्ही आधी खोबरेल तेलाची बाटली परत ठेवा." डॉक्टरकडे गेलो. त्यांच्याकडे अजून ते जुनं, उभ्या नळीचं यंत्र आहे. दंडाला पट्टा बांधून, फुगवून, कान लावून झाल्यावर ते म्हणाले, "वरचं एकशेवीस. खालचं ऐंशी." माझ्या तोंडून निघून गेलं, "पारा." लॅबवाल्यामुळे हे झालं होतं. ऐंशी हा पाऱ्याचा अणुक्रमांक. डॉक्टरांनी एकदा नळीकडे बघितलं आणि म्हणाले, "हो, पाराच आहे. का?" आता त्यांना काय सांगणार?

एकशे अठरा संपले तेव्हा लॅबवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. बंदी असली तरी शेवटचं मूलद्रव्य ओगानेसॉन, हे त्याने सगळ्यांना मनातल्या मनात सांगून टाकलेलं होतं. आणि मग १२१ ला मास्तरांनी पोतडी उघडली. ही पाळी त्यांनी सीटांची अदलाबदल करून मिळवली होती, असा माझा अजूनही संशय आहे.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर हे मास्तरांचं दैवत. १९०५ साली डहाणूला जन्म, पेशा शाळामास्तरचा, आणि फावल्या वेळात आकड्यांशी असा काही संसार केला की त्यांच्या नावाचा स्थिरांक जगभरच्या पुस्तकांत गेला. ६१७४. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात वेळा, आणि तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. पण मास्तरांना सांगायचं होतं ते वेगळंच. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा १२३४३२१. अशा चढत जाऊन उतरणाऱ्या आकड्यांना कापरेकरांनी नाव दिलं डेम्लो संख्या.

"आणि डेम्लो म्हणजे काय?" मास्तरांनी विचारलं आणि आम्ही सगळे गप्प बसलेले बघून एक क्षण तसंच राहू दिलं. "जीआयपी रेल्वेच्या काळातलं आपलं स्टेशन. डोंबिवली! या आकड्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली."

डब्यात जो काही अभिमान पसरला त्याला तोड नाही. शेजारच्या बाकावरच्या भजनी मंडळाने टाळ थांबवले. ठाण्याची माणसं उगाच हिरमुसली. फक्त अण्णा विचारात पडले होते. डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून माणसाला गणित सुचतं, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. "मला तिथे फक्त इंडिकेटर दिसतो," ते म्हणाले. "त्या काळी गाड्या कमी असणार." मग स्वतःच म्हणाले, "नाही, माणसं कमी असणार."

यापेक्षा चांगलं १२२ ला काय मिळणार? तेव्हा सर्वानुमते असं ठरलं की आकडे बास, आता सालं घेऊ. आणि आपण लोकलवाले, म्हणून सुरुवात १८५३ पासून. १६ एप्रिल, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटं, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, चौदा डबे, चारशे पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, आणि निघताना एकवीस तोफा. मास्तरांनी हे इतकं रंगवून सांगितलं की चौथ्या सीटवरून बारक्याने विचारलं, "चौदा डब्यांना फक्त चारशे?" आमच्या एका डब्यात, दरवाज्यातले धरले तर, तेवढे सहज होतात. तोफा नाहीत एवढंच.

सालांत पाळी बांधून घेतलेली होती. मास्तर, अण्णा, मी, काका, लॅबवाला, बारक्या. सहा माणसं, म्हणून प्रत्येकाचं पुढचं साल सहाने पुढे. आणि पाळी माणसाची, सीटची नाही, हेही ठरवून घेतलं. कारण घाटकोपरला बसलेल्यांनी उठून उभ्या असलेल्यांना बसू द्यायचं हा आमचा रिवाज, आणि त्या अदलाबदलीत आकड्यांच्या वेळी काय काय घोळ झाले ते मघाशी आलंच.

पहिल्या फेऱ्या मजेच्या गेल्या. अण्णांना १८६० मिळालं. कॅशियर माणूस खुलला. त्याच वर्षी जेम्स विल्सनने हिंदुस्थानात इन्कम टॅक्स आणला, आणि त्याच वर्षी भारतीय दंड संहिता मंजूर झाली, म्हणजे चारशेवीस कलमही त्याच सालचं. "एकाने पैसे काढून घ्यायचे आणि दुसऱ्याने काढून घेतले तर आत टाकायचं," अण्णा म्हणाले, "दोन्हीची सोय एकदम." बारक्याला १८५८ मिळालं तेव्हा त्याने धोंडो केशव कर्वे सांगितले. जन्म १८५८ आणि मृत्यू १९६२, एकशे चार वर्षं. शंभरीत भारतरत्न. तिथपर्यंत पोरगा सरळ होता.

१८७० ला त्याने पलटी मारली. दादासाहेब फाळक्यांचं जन्मसाल ते, त्र्यंबकेश्वरचं. काकांच्या ओठावर नाव आलेलं होतं. बारक्या म्हणाला, "अठराशे सत्तर. ८७१० वजा ०१७८, ८५३२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. दोन पायऱ्या." मास्तर गहिवरले. सहा सालांनी पुन्हा त्याची पाळी आली. "अठराशे शहात्तर. तीन पायऱ्या." आणि बोंडुक कानात. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की जगात काहीही घडो, लढाया होवोत, साथी येवोत, याला फक्त वजाबाकी करायची आहे आणि याचं प्रत्येक साल ६१७४ ला पोचणार आहे. आपल्याच दैवतावर बंदी घालायची वेळ मास्तरांवर आली. त्यांनी ती घातली, पण दादरला उतरताना ते आमच्याशी बोलले नाहीत.

आता माझ्यावर काय गुदरलं ते. सहाच्या हिशेबाने मला १८८५ येणार हे मी आधीच काढून ठेवलेलं. यासारखं साल नशिबात लागतं. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन २८ डिसेंबर १८८५, मुंबई, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा, बहात्तर प्रतिनिधी. आणि यातली खरी मजा पुढे. अधिवेशन व्हायचं होतं पुण्याला. पुण्यात पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईला हलवलं. हे सांगून झाल्यावर थोडं थांबायचं, आणि मग म्हणायचं, 'तेव्हापासून पुणेकर म्हणतात, खरं म्हणजे सगळं आमच्याकडेच व्हायचं होतं.' हे वाक्य मी आंघोळ करताना बसवलं होतं. कोपर गेलं की सुरुवात करायची, आणि मुलुंडच्या पुढे टाळी, असा अंदाज होता.

त्या दिवशी अण्णा आले नाहीत. नातीचं बारसं होतं. मला आदल्या दिवशीच त्यांनी पेढा दिला होता आणि मी मख्खासारखा तो खाल्ला होता. मास्तरांनी १८८३ घेतलं, क्राकाटोआचा ज्वालामुखी, ज्याचा आवाज जवळजवळ पावणेपाच हजार किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू आला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चौऱ्याऐंशी."

"पंच्याऐंशी," मी म्हणालो.

"अण्णा नाहीत. चौऱ्याऐंशी."

अण्णा नाहीत म्हणजे एक साल अलीकडे सरकणार, एवढी साधी वजाबाकी, पण पोटात पंच्याऐंशी भरून आलेल्या माणसाला ती सुचत नाही. अठराशे चौऱ्याऐंशी! डोळ्यांपुढे काही येईना. मी म्हणालो, "चौऱ्याऐंशी साली... पुढच्या वर्षीच्या काँग्रेसची तयारी चालू होती." मास्तरांनी वर्गात मागच्या बाकाकडे बघतात तसं बघितलं. "आणि पुण्यात," मी नेटाने पुढे गेलो, "अजून पटकीची साथ आलेली नव्हती." गाडी मुंब्र्याजवळ होती. कोणी खिडकी खाली केली, कोणी पाण्याची बाटली काढली. मास्तरांनीच शेवटी सांगितलं, १८८४, डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना, आगरकर, टिळक, आपटे, नामजोशी. पुण्याची एवढी मोठी गोष्ट, आणि मी पुण्यात पटकी शोधत बसलो होतो.

पण घाव तो नाही. घाव पुढचा. १८८५ काकांकडे गेलं. काका नंबरप्लेटवाले. त्यांनी खिडकीबाहेरून नजर न काढता दोन शब्द उच्चारले, "काँग्रेस स्थापना." आणि पाळी लॅबवाल्याकडे गेली. बस. बहात्तर प्रतिनिधी नाहीत, पाठशाळा नाही, पटकी नाही, पुणेकरांचं वाक्य नाही. मी म्हणालो, "मला त्यात थोडी भर घालायची होती." मास्तर म्हणाले, "नियमात बसत नाही." चहा मीच पाजला. सहा कप घेतले, एक अण्णांचा म्हणून. तो काकांनी घेतला.

त्यानंतर मी पुढच्या तीन सालांची तयारी करून जायला लागलो, एक आपलं, एक अलीकडचं आणि एक पलीकडचं. बायकोने रात्री अकराला दिवा बंद करत विचारलं, "परीक्षा कसली आहे?" खातेपरीक्षेलासुद्धा मी एवढं वाचलं नव्हतं. आणि तरीसुद्धा गोष्टी हातातून निसटायच्या. १९०६ अण्णांना गेलं. त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून देशात प्रमाणवेळ आली, पण मुंबईने ती मानली नाही. शहर आपली मुंबई टाइम चालवत राहिलं, थेट १९५५ पर्यंत. प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. हे ऐकल्यावर सगळा डबा हळहळला. एकोणचाळीस मिनिटं! ऑफिसात साहेब घड्याळ दाखवेल तेव्हा आपण म्हणायचं, 'साहेब, मी मुंबई टाइमवर आहे.' पन्नास वर्षं चाललेली एवढी चांगली सोय आपल्या जन्माच्या आधी काढून घेतली, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

१९४४ ला मास्तरांनी गोदीतला स्फोट सांगितला. १४ एप्रिल, फोर्ट स्टिकीन जहाज, पोटात दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा. स्फोटात विटा उडून दूर दूर पडल्या. यावर लॅबवाल्याने विचारलं की सगळ्या सापडल्या का, आणि मशीदबंदरावरून गाडी जाताना त्या दिवशी एकूण एक जण खाली रुळांकडे बघत होता.

पन्नासच्या पुढे खेळाची चव बदलली. १९६१ पर्यंत जी होती ती इतिहासातली माहिती. १२ जुलैला पानशेत फुटलं, असं लॅबवाल्याने म्हटलं मात्र, मास्तरांच्या मावशीचा नारायण पेठेतला संसार वाहून आला, पितळी डब्यांसकट. १९७२ ला अण्णांनी २ ऑक्टोबर, मुंबई दूरदर्शन असं नीट सांगितलं, पण काकांनी त्याच सालचा दुष्काळ आणि लाल मिलो काढली, आणि मिलोची भाकरी गिळायला कशी लागायची हे दादरपर्यंत पुरलं. ही माहिती झाली की आठवण? मास्तरांचं म्हणणं, खेळ माहितीचा आहे. काकांचं म्हणणं, "मी खाल्लीय ती. याहून खरं काय असतं?" माझं मत काकांच्या बाजूने पडलं, पण मी बोललो नाही. त्यांनी प्यालेला तो सहावा कप मी अजून विसरलो नव्हतो.

१९८३ ला कोणी काही सांगूच शकलं नाही, सगळे एकदम बोलले. २००५ ला खेळ बंदच पडला. पाळी बारक्याची होती. "२६ जुलै, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस," एवढं त्याने म्हटलं, आणि मग जो तो आपण त्या रात्री कुठे होतो ते सांगत सुटला. शीवच्या पुलावर, विक्रोळीच्या फलाटावर, कोणा अनोळखी माणसाच्या घरी पिठलं-भात खात. शेजारचं भजनी मंडळ त्यात आलं, दरवाज्यातली माणसं आली. सीएसएमटी आलं तरी अर्धे लोक कुर्ल्यातच पाण्यात उभे होते. बारक्या तेव्हा बालवाडीत होता. त्याला कोणी बोलू दिलं नाही.

असं करत करत २०२५ आलं. मास्तरांनी ते स्वतःसाठी राखून ठेवलेलं होतं. ४५ चा वर्ग २०२५. आणि २० अधिक २५ पुन्हा ४५, म्हणजे ४५ हा आकडाही कापरेकरांचाच, अशा आकड्यांना त्यांचंच नाव आहे. शिवाय एक ते नऊची बेरीज ४५, म्हणून एक ते नऊच्या घनांची बेरीजही २०२५. टाळ्या पडल्या. मग प्रश्न आला, पुढे काय? पुढच्या सालांत तेव्हा अजून काही झालेलंच नव्हतं. माझ्या मनात एक हलका, गार वारा सुटला. संपलं एकदाचं. उद्यापासून झोपायचं, निदान ठाण्यापर्यंत.

अण्णांनी घात केला. म्हणाले, "पण २०२५ च्या पाडव्याला शके किती लागलं? १९४७." सालातून अठ्ठ्याहत्तर वजा करायचे. बारक्याने डोळे मोठे केले. अरे, म्हणजे शक घेतला तर सगळी सालं परत मिळतात! लॅबवाला म्हणाला, मग विक्रम संवत का नको? मास्तर म्हणाले, आपल्याला आपला शक आहे, शिवाजी महाराजांचा. राज्याभिषेक शक. ६ जून १६७४, रायगड, तिथून वर्ष पहिलं. हे कोणालाच नाकारता येईना. एवढ्या पवित्र ठिकाणी 'मला झोप येते' असं सांगणार कसं? ठराव पास झाला. पहिलं वर्ष मास्तरांनी तिथल्या तिथे घेतलं, महाराजांनी पाडलेली शिवराई आणि होन ही नाणी सांगितली आणि प्रसन्न होऊन बसले.

जुन्या बंद्या नव्या शकाला लागू आहेत की नाहीत, हे विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा रजेवर होते. मी भजनी मंडळाच्या मागे दडून उभा होतो. तेव्हा पाळी आपोआप काकांकडे गेली.

"राज्याभिषेक शक दोन," मास्तर म्हणाले. "बोला काका."

काकांनी खिडकीबाहेर बघतच सांगितलं, "अंधेरी."